पुणतांब्याची सही

आज सकाळपासून मला स्वतःची किळस येतेय.

गायकवाड मॅडम काल गेल्या. वकिलांच्या ग्रुपवर माझा त्यांच्याबरोबरचा जुना फोटो फिरतोय. खाली कुणीतरी लिहिलंय, 'मॅडमचा सगळ्यात विश्वासू ज्युनिअर.'

शी.

नव्वदच्या दशकात नगरचा वकील म्हणजे जमिनीचे वाद, नाहीतर चेक बाउन्स. मॅडम मात्र टेलिफोन कंपन्यांचे करार बघायच्या. एका कंपनीचा कॉल दुसरीच्या लाइनवरून कसा जाईल, टॉवर कुणाच्या रानात उभा राहील, सगळं सावेडीतल्या दोन खोल्यांच्या ऑफिसातून.

वकिलीआधी त्या एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. ट्रंक कॉल बुक करताना समोरच्याकडून नंबर परत म्हणवून घ्यायच्या. ती सवय वकिलीतही सुटली नाही.

इंग्रजी करार मराठीत वाचून दाखवायच्या आणि मग विचारायच्या, "आता तुम्ही सांगा, काय ऐकलंत?"

नीट सांगता आलं तरच पेन हातात.

एका कंपनीला पुणतांब्याच्या दशरथ आबा या शेतकऱ्याच्या रानात टॉवर हवा होता. मॅडम कंपनीच्या वकील. तरी अख्खा करार आबांना वाचून दाखवला.

आबा म्हणाले, "म्हंजी ह्यांना वाटलं तवा हे जानार. आन मी वीस वर्सं हूं की चूं करायचं न्हाई. व्हय ना?"

"हो, आबा."

"मग न्हाई करत सही."

परतताना जीपमध्ये कंपनीचा साहेब उखडला. "मॅडम, तुम्ही आमच्या वकील आहात की त्याच्या?"

आठवड्याभरात कंपनीनं मॅडमचं काम काढून घेतलं. आबांची सही आणायला मला परस्पर फोन आला.

मी गेलो. शेपूट हलवत गेलो.

"मॅडम न्हाई आल्या?" आबांनी विचारलं.

"त्यांना बरं नाही. करार बदलून घेतलाय त्यांनी. त्यांनीच पाठवलंय मला."

एक अक्षर बदललेलं नव्हतं.

"त्या म्हनत्यात तर मग काय इचारायचं," म्हणत आबांनी सही केली.

टॉवर आला. आबांची विहिरीकडे जायची वाट कंपनीच्या कंपाउंडमध्ये गेली.

आबा ऑफिसात आले. आरडाओरडा नाही, काही नाही. "तुमच्या नावावर सही केली हुती, मॅडम."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी बोलेन म्हणून थांबल्या.

मी फाईल चाळत राहिलो.

"माझ्या ज्युनिअरनं घेतली म्हणजे मीच घेतली, आबा," त्या म्हणाल्या.

आबा पाणीही न पिता निघून गेले. मॅडमनी माझ्याकडून ऑफिसची किल्ली मागून घेतली. का, ते कुणालाही सांगितलं नाही. मी त्याच कंपनीच्या पॅनलवर गेलो, मोठा झालो. आबा वारले, ते मॅडमनी फसवलं असंच समजून.

त्या गावात आजही मॅडमचं नाव काढलं की लोक तोंड फिरवतात. माझं नाव तिथं कुणाला माहीतसुद्धा नाही.

उद्या शोकसभेत मी बोलायचंय म्हणे. तिथे माझी जीभ उचलेल याचा मला भरवसा नाही, म्हणून इथे जाहीरपणे लिहितोय.

पुणतांब्याचं कुणी वाचत असेल तर हे आबांच्या मुलाला दाखवा.

मॅडमनी मला पाठवलं नव्हतं. खोटं मी बोललो.

मॅडम, शेवटचा जयभीम.