औषध हातात असेपर्यंत

आमच्या गावात गुत्यम्माला गप्प पाहायचं असेल, तर कोणाला तरी कावीळ व्हावी लागते. एरवी ती बाई झोपेतही बोलत असणार. सुपारीच्या बागेत एकटी निंदायला बसली, तरी बाहेरून जाणाऱ्याला वाटतं आत चौघीजणी आल्यात. पण काविळीचं औषध तीच देते, आणि त्याचा नेम कडक. पहाटे रानात जाऊन मुळी उपटली, की ती वाटून, ताकात कालवून रोग्याच्या पोटात जाईपर्यंत तिने तोंड उघडायचं नाही. उघडलं तर औषध फुकट. आणि रोग्याने ते प्यायल्यापासून दिवेलागणीपर्यंत मुकं राहायचं. तिच्या आजीपासून असंच चालत आलंय.

या नेमाचा माझ्या सासूबाईंनी, म्हणजे बंगारम्मा आत्याबाईंनी, जितका फायदा उठवला तितका कुठल्या रोग्यानेही उठवला नसेल. एका लग्नाच्या पंगतीत गुत्यम्माने आमच्या घरची लोणच्याची बाळकैरी चावली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मऊ पडली गं, बंगारम्मा. बोळक्या म्हाताऱ्यांची सोय झाली." आमच्या सागर तालुक्यात बाईला काय वाटेल ते म्हणा, तिच्या कैरीला मऊ म्हणू नका. तेव्हापासून गुत्यम्मा औषधाची वाटी घेऊन बांधावरून जाताना दिसली, की आत्याबाई हातातलं काम टाकून कुंपणाशी धावायच्या.

"काय गं, आज दातखीळ बसली? पंगतीत बरी चुरुचुरु चालते जीभ! बोल ना, बोल!"

गुत्यम्माच्या नाकपुड्या फुगायच्या, पण ती मान खाली घालून पुढे जायची. त्या दिवशी आत्याबाई एक भाकरी जास्त खायच्या.

यंदा सुपारी सोलून, उकडून, वाळवून झाली आणि आत्याबाईंचेच डोळे पिवळे झाले. सागरच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, गोळ्या दिल्या, तेलतूप बंद केलं, पडून राहायला सांगितलं. आम्ही सगळं केलं. पण त्यांच्या पोटात घास ठरेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. आठवडाभर त्यांनी माझ्या सारात एक खोड काढली नाही, तेव्हा मात्र माझा धीर सुटला. गोठ्यात जाऊन रडले मी.

"गुत्यम्माला बोलावू का?" मी विचारलं.

"खबरदार! मी मुकाट पडायचं आणि ती उशाशी बसून बोलणार? त्यापेक्षा पिवळी होऊन मरेन."

मी न सांगता गेले. औषध मागायचं तर वैदूच्या उंबऱ्यावर पान-सुपारी ठेवायची. तिने ती उचलली की मगच विचारायचं, कोणासाठी. गुत्यम्माने बोलता बोलता विडा उचलला.

"कोणाला झालीय गं?"

"आमच्या आत्याबाईंना."

ती हातातल्या पानाकडे बघत राहिली. उचललेला विडा परत ठेवता येत नाही.

"लबाड आहेस मोठी! आधी नाव सांगितलं असतंस, तर बघितलं असतं मी. जेवते का?"

"नाही."

"तुझ्याशी भांडते?"

"आठवड्यात एकदाही नाही."

"अगं बाई! म्हणजे खरंच आजारी आहे," म्हणत गुत्यम्मा उठलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाटी घेऊन दारात उभी राहिली. तिला पाहिलं मात्र, आत्याबाई कोपराचा टेका घेऊन उठून बसल्या. अंगात ताकद नव्हती, पण सवय होती.

"आलीस? मला पिवळी बघायला आलीस? स्वतःच्या लेकाला दोन दिवस घरात थांबवता येत नाही तुला, आणि निघालीस मला बरं करायला!"

माझ्या नवऱ्याने, तिम्मप्पाने, डोळेच मिटले. गुत्यम्माचा एकुलता एक लेक बेंगळूरला असतो. सणाला येतो आणि सकाळच्या बसने परत जातो. तिचे ओठ थरथरले. आता बोलणार आणि सगळं मातीला मिळणार, असं मला वाटलं. तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं. पण वाटी धरलेला हात तिने तसाच पुढे केला.

आत्याबाईंनी वाटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. मान खाली घातली आणि एका दमात औषध पिऊन टाकलं.

गुत्यम्माने डोळे पुसले, पाट ओढून उशाशी बसली आणि पदर खोचला.

"हं. आता ऐक. पहिली गोष्ट, ती कैरी मऊच होती."

आत्याबाईंनी माझं मनगट आवळलं. मी ओठांवर बोट ठेवलं.

दुपारपर्यंत गुत्यम्माने बांधावरचा एकेक टोमणा काढून त्याचं उत्तर दिलं. काही उत्तरं इतकी झणझणीत होती, की मला हसू लपवायला चुलीपुढे जावं लागलं. आत्याबाईंना बोलता येईना, म्हणून रागारागात त्यांनी वाडगाभर पेज संपवली.

उन्हं कलली तसा राग संपला. बोलणं कुठलं संपायला?

"लेक फोन करतो गं," गुत्यम्मा म्हणाली. "जेवलीस का, विचारतो. मी जेवले म्हणते. की ठेवला फोन! मला त्याला केवढं सांगायचं असतं. मग झाडांना सांगत बसते."

आत्याबाईंनी पांघरुणातून हात काढला आणि तिच्या गुडघ्यावर ठेवला. गुत्यम्माने तो दिसलाच नाही असं दाखवलं आणि घाईघाईने दुसराच विषय काढला. नदीपलीकडची कोणी एक सून, सासूच्या जाचाला कंटाळून सासूची दुभती म्हैसच घेऊन माहेरी निघाली. मागे सासू, पुढे भरलेली नदी, आणि म्हैस काठावर हटून बसलेली.

एवढ्यात मी देवापुढे दिवा लावला. गुत्यम्मा थांबली, ताठ बसली.

"लागला दिवा. बोल आता, काय बोलायचंय ते. मी ऐकून घेते."

तिम्मप्पा अंगणातून येऊन दारातच थबकला. आत्याबाईंनी घसा खाकरला.

"अर्ध्यावर काय सोडतेस, भवाने? म्हैस पाण्यात उतरली की नाही?"