दयारामकाकांची व्हॅन पासिंगला जाते

दसऱ्याच्या सकाळी स्वानंदने आपली गाडी धुतली, आणि पाइप हातात आहेच म्हणून बाजूला उभी असलेली शेजारच्या दयारामकाकांची व्हॅनही धुतली. इथे थांबला असता तर पुण्य पदरात पडलं असतं. पण सणाच्या दिवशी माणसाचा हात सैल सुटतो. या जुन्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. स्वानंदने सीट उचलून पाहिली, तर खाली वर्षानुवर्षांचा काळा राप बसलेला. मग त्याने पाइपच्या तोंडावर अंगठा दाबून धार बारीक केली आणि इंजिनाला दिवाळीच्या आधीच अभ्यंगस्नान घातलं.

थोड्या वेळाने काका पूजेचं ताट घेऊन खाली आले. पूजेआधी गाडी चालू करायची त्यांची रीत. किल्ली फिरवली. व्हॅन खोकली, अंगात आल्यासारखी घुमली, एक सणसणीत शिंक दिली आणि गप्प झाली.

"काय केलंस र?"

"धुतली, काका."

"भायेरून?"

"...आतूनही."

काकांनी ताट व्हॅनच्या टपावर ठेवलं. "बाला, उद्या पासिंग हाय तिचं."

व्हॅनची पंधरा वर्षं भरली होती. उद्या परिवहन कार्यालयाचा साहेब ती तपासणार, आणि पास झाली तरच तिला पुढे रस्त्यावर फिरता येणार. काकांचा मुलगा जीवन द्रोणागिरीला गोदामात सुपरवायझर. त्याने बापाला बजावून ठेवलं होतं, की पास झाली तर ठेवा, नाहीतर सरळ भंगारात; मी तुम्हाला नवी बॅटरीवाली घेऊन देतो, तिला काही उघडावंच लागत नाही. काकांना नेमकी त्याचीच धास्ती होती. "ज्या गाडीचं झाकान आपल्याला उघडता येत नाय, ती आपली गाडी कशी?" असं ते लिफ्टमध्ये भेटेल त्याला विचारत.

दयाराम नाखवा म्हणजे उरणच्या खाडीकाठचा कोळी. जवानीत बापाच्या होडीवर इंजिन सांभाळलं, मग बंदरात नोकरी, आणि निवृत्तीनंतर करंजाड्याला हा फ्लॅट. व्हॅन घेतली होती बायकोची, म्हणजे शांतीकाकींची, सुकी मासळी पनवेलच्या बाजारात न्यायला. काकींनी धंदा कधीच सोडला, पण व्हॅनने तो मनापासून सोडलेला नव्हता. उन्हात उभी राहिली की अजूनही बोंबलाची आठवण काढायची. या पंधरा वर्षांत तिला परक्या माणसाचा पाना लागला नाही. काका ती स्वतः खोलत, स्वतः जोडत, आणि दर वेळी एखादा नट उरे. उरलेले नट ते श्रीखंडाच्या डब्यात टाकत. "कंपनीवाले भीतीनं जास्तीचे लावतात," हा त्यांचा सिद्धांत. व्हॅन चालत होती, त्यामुळे तो खोडून काढायची कुणाची टाप नव्हती.

"प्लग काढून पुसू," काका म्हणाले. "जा, पाने घेऊन ये वरून."

स्वानंद धावत वर गेला आणि तसाच हात हलवत परत आला. मागोमाग शांतीकाकी.

"पाने पूजेला बसल्यात," काकी म्हणाल्या. "फुलं वायल्यात, हळदकुंकू लावलंय. उद्याशिवाय उठायचे नायत."

"अगं, पन नड हाय..."

"मागल्या दसऱ्याला या पोरानं पेचकस मागितला, तवा काय बोललात? 'आज हत्याराला सुट्टी असते, देव कोपंल.' तवा देव कोपत व्हता, आज काय गावाला गेलाय?"

काका आपल्याच कायद्याच्या जाळ्यात मासळीसारखे अडकले. सोडवायला कोयताही नव्हता. तोही पाटावर झेंडूचा हार घालून बसला होता.

"काका, काळजी करू नका," स्वानंद म्हणाला. "माझ्याकडे स्कॅनर आहे."

हा स्कॅनर म्हणजे काडेपेटीएवढा निळा ठोकळा. गाडीच्या डॅशबोर्डखाली खुपसायचा, की मोबाइलवर गाडीचा आजार मराठीत दिसतो. स्वानंद विमा कंपनीत नोकरीला, पण व्हिडिओ पाहून पाहून आपण अर्धे मेकॅनिक झालो आहोत असं त्याचं मत होतं. त्याने मोबाइल उघडला, काकांना किल्ली फिरवायला सांगितली. व्हॅन खोकली. मोबाइल म्हणाला, 'कोणताही दोष आढळला नाही.'

"दोष नाय?" काका म्हणाले.

"नाही."

"मंग ही नाटक करतेय?"

पुन्हा किल्ली. शिंक. 'इंजिन उत्तम स्थितीत.' दोघेही एकदा मोबाइलकडे आणि एकदा व्हॅनकडे बघत राहिले. नवरा-बायकोच्या भांडणात कुणाचं खरं मानावं हे न कळणाऱ्या पाहुण्यासारखी त्यांची गत झाली. शेवटी स्वानंदची बायको मिताली गॅलरीतून ओरडली, "अरे, तो ठोकळा तुझ्याच गाडीत आहे! निळा दिवा लुकलुकतोय बघ!"

तो तिथेच होता. सकाळी गाणी ऐकायला स्वानंदने स्वतःच्या गाडीची किल्ली फिरवून ठेवली होती, आणि ती बिचारी इमानाने आपली तब्येत कळवत होती. ठोकळा काढून व्हॅनमध्ये लावायला गेले, तर तिच्यात तो खुपसायला भोकच सापडेना.

"लाटनं आन," काका काकींना म्हणाले. लाटण्याची पूजा झालेली नव्हती. काकांनी स्वानंदला किल्ली फिरवत राहायला सांगितलं, लाटण्याचं एक टोक इंजिनावर टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. होडीवर ते असंच ऐकत.

"तिसरा सिलिंडर बोलत नाय."

"नक्की?"

काकांनी पुन्हा ऐकलं. "नाय, पयला." मग लाटणं उलटं धरून ऐकलं. "आता तिघंबी बोलतात, पन येकमेकांशी नाय." स्वानंदनेही कान लावून पाहिला. त्याला फक्त आपल्या कानाला लागलेलं पीठ कळलं.

मितालीने केस वाळवायचं यंत्र आणलं. वॉचमनच्या केबिनमधून वायर ओढली आणि इंजिनाला गरम वारा घातला. व्हॅन आता जरा लांब खोकली. काकींनी पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. स्वानंदने हाताला येईल ती वायर ओढून पुन्हा खोचली. कुठली ते त्यालाही सांगता आलं नसतं. काका सीट उघडी टाकून बाजूला बसले आणि ऊन इंजिनात शिरताना बघू लागले. मासळी वाळत घातलेल्या माणसाचा चेहरा असतो, तसा त्यांचा झाला होता.

दुपारी जीवन सोनं द्यायला आला. आपट्याची पानं हातात ठेवून बापाच्या पाया पडला आणि उघड्या सीटकडे बघून म्हणाला, "बाबा, बास आता. उद्या टोइंगवाल्याला सांगतो."

काकांनी हातातलं सोनं इंजिनावर ठेवलं, सीट खाली घेतली आणि तिच्यावर बसले. किल्ली फिरवली.

व्हॅन चालू झाली. खोकला नाही, शिंक नाही.

मग एकदम गलका. मिताली म्हणाली, माझं यंत्र. काकी म्हणाल्या, लिंबू. स्वानंदला आपल्या वायरची खात्री होती. जीवन म्हणाला, "उन्हानं वाळली, दुसरं काय?" काकांनी कुणालाच होय म्हटलं नाही. ते खाली वाकले होते. व्हॅनखाली एक नट पडला होता.

"हा कुटला?"

दिवसभरात एकाही हत्याराला कुणी हात लावलेला नव्हता. काकांनी तो नट उजेडात फिरवून फिरवून पाहिला, व्हॅनकडे पाहिलं आणि खिशात टाकला.

दुसऱ्या दिवशी पासिंगला स्वानंदही गेला. केल्या पापाचा शेवट बघायला. साहेबाने दिवे पाहिले, ब्रेक पाहिला, गाडी पुढेमागे चालवून पाहिली, आणि सीट उचलल्यावर त्याचे डोळे विस्फारले. "एवढं स्वच्छ इंजिन? पंधरा वर्षांच्या गाडीत?" काकांनी स्वानंदच्या पाठीवर अशी थाप मारली की त्याचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. व्हॅन पास झाली.

परतताना काका गाणं गुणगुणत चालवत होते. खिशातला नट चाव्यांवर खुळखुळत होता. स्वानंदला मात्र रात्रभर झोप नव्हती. यंत्र की लिंबू, ऊन की वायर? की आपट्याची पानं? आणि तो नट? करंजाड्याच्या वळणावर त्याला राहवेना.

"काका, खरं सांगा. तिचं नेमकं बिघडलं काय होतं, आणि नीट कशाने झालं?"

काकांनी गिअर बदलला.

"चालू गाडीला असलं काय इचारू नको, बंद पडंल."