पाठ फिरवून बसा

किस्से मुद्दाम साठवावे लागत नाहीत. दोरीवरून काढलेल्या कपड्यांसारखे ते आपोआप पलंगावर साठत जातात. घडी घालायला वेळ नसतो, आणि एक दिवस बघावं तर झोपायलाच जागा उरलेली नसते! आज ओवीचा डोळा लागलाय, तेवढ्यात दोनचार घड्या घालून घेते.

ओवी म्हणजे माझी लेक, सव्वा वर्षाची. आम्ही उमरग्याला असतो. ती वरचं खायला लागली तशी मी तिच्या खाण्याचे व्हिडिओ टाकायला लागले. मी डॉक्टर नाही, सुगरण तर त्याहून नाही. मी नुसती घाबरट आई आहे. पण जगात घाबरट आया पुष्कळ, त्यामुळं चॅनल चाललं.

चाललं ते एका युक्तीवर. घास बघितला की ओवी तोंड मिटायची आणि मी समोर बसून रडकुंडीला यायची. एकदा बघवेचना म्हणून वाटी तिच्यापुढं ठेवली आणि पाठ फिरवून बसले. तरी जीव राहीना, म्हणून समोरच्या स्टीलच्या डब्यात तिचं प्रतिबिंब बघत राहिले. बाईसाहेब आरामात जेवत होत्या! मग मी व्हिडिओत सांगितलं, "आईची काळजी लेकराला दिसली की ते तोंड मिटतं. पाठ फिरवून बसा. राहवत नसेल तर डब्यात बघा."

हा माझा आयुष्यातला एकमेव शोध.

* * *

मग माझं अकाउंट बंद झालं.

कारण काय, तर ओवीला तेल लावतानाचा व्हिडिओ. कंपनीच्या यंत्राला तो असभ्य वाटला! मी अर्ज केला. "आम्ही पुन्हा पाहिले, निर्णय कायम आहे" असं उत्तर आलं, तेही इतक्या पटकन की बघणाऱ्याला डोळे तरी होते का, देव जाणे.

तेल लावणारे हात सासूबाईंचे होते. त्यांचा चेहराच उतरला.

"व्हय गं पूजा, त्याल तर म्या लावत होते. मग माझ्यावर बी केस झाली का?"

"केस नाही हो आई, नुसतं बंद केलंय."

"मग त्यांना म्हणावं, माझा डोक्यावर पदर होता. तुझ्या फोटूत आला नसंल, तर ती तुझी चूक!"

हसले मी. पण बंद होण्याआधी एका बाईचा मेसेज आला होता. नाव नाही, नुसता गुलाबाचा फोटो. "ताई, बाळ काहीच खाईना, काय करू?" मी लिहिलं, "थांबा, ओवी रडतीय, आलेच." आणि परत आले तर दार बंद. सगळे मेसेज आत, मी बाहेर. त्या "आलेच"वर मी आजपर्यंत अडकून बसलेय.

* * *

माझ्यासारखे पोळलेले आणखी तिघं आहेत. ब्लाऊज शिकवणारी शबाना भाभी, गणित शिकवणारे रिटायर्ड नागनाथ सर आणि बैलाचे व्हिडिओ करणारा दत्ताभाऊ. रविवारी दुपारी भाभीच्या टेलरिंगच्या दुकानात आम्ही जमतो. विषय एकच, या कंपन्यांच्या तालावर किती दिवस नाचायचं? आपली माणसं आपल्याजवळ कशी राहतील?

त्यासाठी आम्ही ग्रुप केला, नाव 'आपलं आपण'. कुठं केला? फोनवरच, अशाच एका कंपनीच्या ॲपवर!

* * *

पहिला उपाय नागनाथ सरांचा. सर मुरुम गावचे, मराठी बोलतात ते कन्नडच्या चालीवर, आणि प्रत्येक वाक्य फळ्यावर लिहिल्यासारखं. "भाड्याच्या खोलीत राहिलं की मालक कधीही काढणार. स्वतःचं घर बांधा!" म्हणजे स्वतःची वेबसाइट. पुण्याच्या भाच्याकडून त्यांनी ती करून घेतली.

पुढच्या रविवारी सर साइटवर येणाऱ्यांची नोंद बघून खुशीत. "एक वाचक आहे. आपल्याच भागातला. सकाळी येतो, दुपारी येतो, निजण्याआधी एकदा येतोच. प्रत्येक पान वाचतो!" त्याच्यासाठी सरांनी पहिल्या पानावर आभारही लिहिले.

भाभी बटण लावता लावता म्हणाली, "सर, आपकी वेबसाइट आप कितने बार खोल के देखते?"

सरांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "तरीच म्हटलं, माणूस चांगल्या आवडीनिवडीचा दिसतो."

आभार अजून तसेच आहेत. काढायचे कसे, ते भाच्यालाच येतं.

* * *

दत्ताभाऊ लोहारा गावाकडचा. त्याच्या सरदार नावाच्या बैलाला आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त लोक ओळखतात. एकाएकी कंपनीनं व्हिडिओ दाखवायचेच कमी केले. का, ते कुणी सांगत नाही. दत्ताभाऊ सरदारला सांगायचा, "बाबा, तू तर तसाच दिसतोस. मग झालं काय?"

त्यानं डोकं लढवलं. पोळ्याला सरदारच्या अंगावर रंगानं स्वतःचा फोन नंबर काढला, हा मोठ्ठा! मिरवणुकीत सगळे बघतील, थेट फोन करतील, मधे कंपनी नको.

आणि फोन आले की! दिवसभर आले.

"बैल केवढ्याला द्यायचाय?"

"इकायचा न्हाय ओ, मी व्हिडिओ करतो."

"मग नंबर कशाला लिवलाय?"

शेवटी कंटाळून दत्ताभाऊ एकाला म्हणाला, "बैल ऱ्हाऊ द्या, मलाच घिऊन जावा! वैरण कमी लागती!"

पलीकडच्या माणसानं बैलाचं वय विचारावं तसं विचारलं, "दात किती?"

* * *

शबाना भाभीचं दुखणं वेगळं. तिच्या एका व्हिडिओचा आवाजच बंद केला. का, तर म्हणे पाठीमागं कुणाच्या तरी मालकीचं संगीत वाजतंय. पाठीमागं वाजत होतं शिलाई मशीन!

भाभी कमरेवर हात ठेवून फोनलाच विचारत होती, "अगे, अम्मी के जहेज की मशीन है ये! इसका गाना कौन लिख्या?"

मग तिनं ठरवलं, व्हिडिओ बस झाले. पोरींना दुकानात बसवून समोरासमोर शिकवायचं. पोरी आल्या, दुकान भरलं. आम्हाला वाटलं, निदान एकीला तरी वाट सापडली.

आठवडाभरात भाभीचा हात, भाभीची कात्री, भाभीचा आवाज पुन्हा सगळ्यांच्या फोनवर! पोरींनी क्लासचे व्हिडिओ काढून आपापल्या नावानं टाकले होते. आणि ते धडाधड चालले.

मी म्हटलं, "भाभी, तक्रार कर."

"किससे करूं? मेरा अकाउंट तो सो रहा." मग एक व्हिडिओ पुन्हा बघून म्हणाली, "पर ये लडकी बाही सही काटी."

* * *

माझा उपाय ईमेलचा. कुठंतरी वाचलं होतं, लोकांचे ईमेल पत्ते आपल्या मालकीचे असतात, ते कुणी हिसकावत नाही. सास्तूरला माझी मावशी असते. तिच्या गल्लीत लहान लेकरांच्या आया पुष्कळ. मावशीनं घरोघरी फिरून ईमेल गोळा करून पाठवले. मी ते बघितलेसुद्धा नाहीत. आलेला मजकूर उचलला आणि पत्रं पाठवणाऱ्या यंत्रात टाकला. ओवी कडेवर असताना एवढंच होतं.

पहिलं पत्र जीव ओतून लिहिलं. पाठ फिरवून बसायचं, डब्यात बघायचं, सगळं. गुलाबाच्या फोटोवाली त्यात असेल, असं उगीच वाटत होतं.

उत्तर एकच आलं. एका पुरुषाचं.

"ताई, तुमचं एकच पत्र मला सारखं सारखं का यायलंय? माझं पोरगं बारावीला हाय."

सास्तूरच्या मोबाइल दुकानाचे मालक होते ते. गावात कुणीही नवीन फोन घेतला की चालू करताना ईमेल मागतो. बायका म्हणायच्या, "आमाला कुठलं ईमेल आलंय?" मग हे आपलाच घालून मोकळे! अख्ख्या गल्लीचा ईमेल एकच.

मी माफी मागायला फोन केला. माणूस चांगला निघाला.

"असू द्या ताई. बायका रिचार्जला आल्या, की तुमचं पत्र वाचून दाखवतो. एक तर म्हनली, नवऱ्यावर बी करून बघते."

मावशीला सांगितलं, तर ती फोनवर खुश. मी फोन ठेवून भांडी घासायला गेले. माझं न्यूजलेटर एका दुकानाच्या काउंटरवरून निघत होतं, आणि ऐकणारी कोण, ते मला कधीच कळणार नव्हतं.

* * *

शेवटचा उपाय परत सरांचाच. "यंत्र नको, तंत्र नको. बाजाराच्या दिवशी टेबल टाकून बसू. माणसांना प्रत्यक्ष भेटू!"

बसलो. मुरुमच्या बाजारात, टेबल, चार खुर्च्या, 'आपलं आपण'चा बॅनर. सर येणाऱ्या-जाणाऱ्याला मराठीत "या" आणि कन्नडमध्ये "बर्री" म्हणत होते. एक आजोबा आले. "हितं आधार कार्ड दुरुस्त करत्यात का?" नाही म्हटल्यावर बॅनरकडं बघत म्हणाले, "मग कशाला बसलाव उन्हात?"



ऊन चढलं. दत्ताभाऊ चहाला गेला, भाभी कापड बघायला, सर कुणा जुन्या विद्यार्थ्याच्या मागं. मी ओवीला घेऊन शेजारच्या शेंगावालीच्या सावलीला टेकले. साठीची बाई, कपाळाला भस्म, पुढं भुईमुगाच्या शेंगांचं पोतं. मी ओवीला मऊ भात भरवत होते आणि ती तोंड मिटून बसलेली. माझेच डोळे भरून यायला लागले. स्वतःच्याच शोधाची आठवण कुठली राहायला!

"पैलंच लेकरू दिसतंय," शेंगावाली म्हणाली.

"हो."

"तरीच. असं तोंडाकडं टकामका बघू नये. वाटी ठिवा तिच्या म्होरं अन् पाठ फिरवून बसा."

मी तिच्याकडं बघतच राहिले.

"आईची काळजी लेकराला दिसली की त्ये तोंड मिटतंय. फिरा तिकडं! आन् राहवत नसंल तर ह्यात बघा." तिनं आपल्या जेवणाच्या डब्याचं स्टीलचं झाकण पदरानं पुसून माझ्या हातात दिलं.

"मावशी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे कुणी? आमच्यात पैल्यापास्नं असंच करत्यात. माझी नात काय सुदीक शिवत नव्हती. आता भाकरी मागून खाती. तुमा शिकलेल्यांना ठावं नसतंय."

मी मुकाट्यानं पाठ फिरवली. झाकणात ओवी वाकडीतिकडी दिसत होती. तिनं इकडंतिकडं बघितलं, वाटीत हात घातला आणि खायला लागली.

माझा हात सवयीनं पिशवीतल्या फोनकडं गेला.

"मावशी, तुमचा नंबर देता का?"

"नंबर कशाला?" ती शेंगा मापात भरत म्हणाली. "मी दर बाजाराला हितंच बसते."