फितूर आणि आम्ही शुभेच्छुक

आमच्या मंगळागौरीच्या संघातली फितूर माझ्या बरोब्बर वरच्या मजल्यावर राहते. तिच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली की मला ऐकू येते, आणि माझ्याकडे तळण निघालं की तिला वास जातो. शत्रू इतका हाताशी असण्याचं भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येतं.

‘फितूर’ हा शब्द माझा नाही, काकूंचा. काकू तळमजल्यावर राहतात. मालवणकडच्या, यजमान गिरणीत होते. गिरणी गेली तसं लालबाग सुटलं आणि त्या इकडे दिंडोशीला आल्या. आमच्या संघाची सगळी गाणी त्यांच्या गळ्यावर चालतात. संघ म्हणजे आमच्या बिल्डिंगमधल्या बायका. श्रावण जवळ आला की पार्किंगमध्ये गाड्या बाजूला लावायला सांगायचं आणि सराव सुरू करायचा. मी पवईच्या एका ऑफिसात व्यवस्थापनाचं काम बघते, त्यामुळे संघातही तेच काम माझ्याकडे आलं. सेफ्टी पिना, गजरे, जास्तीचे ब्लाउज, इलेक्ट्रॉलची पाकिटं, कोण कोणाला नऊवारी नेसवून देणार, कोणाला चक्कर आली तर पंख्याखाली कोण नेणार. माझी यादी केल्याशिवाय संघ गेटाबाहेर पडत नाही. मला त्यासाठी नावं ठेवतात आणि पिन लागली की माझ्याकडेच येतात.

ती, म्हणजे वरच्या मजल्यावरची, माझी फुगडीची जोडीदारीण होती.

फुगडी बघणाऱ्याला सोपी वाटते. हातांची फुली करून एकमेकींचे हात धरायचे, पायाला पाय भिडवायचे, मागे रेलायचं आणि फिरायचं. पण वजन जुळावं लागतं. एक जड आणि एक हलकी असली की हलकी उडते आणि जड जागच्या जागी दळण दळते. आम्ही दोघी तोलामोलाच्या, भरभक्कम. शिवाय, समोरची हात सोडेल अशी शंकासुद्धा मनात यायला नको. शंका आली की कोपरं वाकतात, कोपरं वाकली की वेग जातो. आम्ही दोघी फिरायला लागलो की पार्किंगमधली मुलं लांब सरकायची. पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, कंबर, गुडघे, ऑफिस, सासर हे सगळं गरागरा मागे फेकायला मला दुसरा कुठलाही उपाय सापडलेला नाही.

एका वर्षी बोरिवलीच्या स्पर्धेत आमचा संघ पहिला आला. आम्हाला जिंकवलं तिच्या मोराने. सुपं नाचवताना शेवटी सगळ्यांनी गोलात खाली बसायचं, सुपं मागे उलगडायची आणि मोराचा पिसारा तयार व्हायचा. कल्पना तिची, सुपं रंगवलेलीही तिनेच. दुसऱ्या दिवशी सकाळी गेटावर हा एवढा मोठा बॅनर: ‘हार्दिक अभिनंदन!’ आमचा सगळ्यांचा फोटो, आणि कोपऱ्यात आमच्या विभागातल्या भाऊंचा हात जोडलेला गोल फोटो. बॅनर त्यांच्याच कार्यकर्त्यांनी लावला होता, तेव्हा भाऊ असणारच. फक्त त्या कोपऱ्यात ती उभी होती. भाऊ नेमके तिच्या तोंडावर आले होते. बाहेर दिसत होता तिचा हात आणि हातातलं सूप.

ती भाजीची पिशवी घेऊन खाली आली. बॅनर डावीकडून उजवीकडे वाचल्यासारखा बघितला.

“मी कुठाय?”

“भाऊंच्या मागे,” आमची बँकवाली म्हणाली. ही संघातली सर्वांत सडसडीत आणि जिभेला सर्वांत धार असलेली. बँकेत काउंटरवर दिवसभर गप्प बसावं लागतं, त्याची भरपाई ती घरी आल्यावर करते.

“मोठ्या माणसाचो पाठिंबो आसा गो तुका!” काकू म्हणाल्या.

आम्ही पोट धरून हसलो. तीही हसली. म्हणून आम्हाला वाटलं, संपलं. पण आम्ही आपापल्या घरी गेलो आणि बॅनर तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर राहिला. भाऊंचा फोटो असल्यामुळे तो काढायची कोणाची हिंमत नव्हती. दिवाळीपर्यंत ती रोज सकाळी चहा उकळताना भाऊंना बघत होती.

पुढच्या श्रावणाआधी मी सरावाचा निरोप पाठवला, तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, “मी यंदा पलीकडच्या कॉम्प्लेक्सच्या संघात आहे. तिथे मला मध्ये उभं करतात.” आणि तिची सुपं मागून नेली. माझ्या लॉफ्टवर होती, मीच काढून दिली. फडक्याने पुसूनसुद्धा दिली.

“फितूर झाला ता!” काकू कडाडल्या. “आपलो मोर घेवन गेला!”

मोर तिचाच होता असं मी म्हणून पाहिलं, पण त्या ऐकायच्या मनःस्थितीत नव्हत्या.

मग ती आमच्याशी रुसून राहिली, प्रत्येकीशी वेगळ्या पद्धतीने. माझ्याशी ती एकदम अदबीने वागायला लागली. इतकी वर्षं “ए, खिडकीतून जरा हात काढ, लिंबू टाकते” म्हणणारी बाई लिफ्टमध्ये विचारायची, “मॅडम, तुमच्याकडे पाणी आलं का?” बँकवालीशी ती मोबाइलच्या स्टेटसवरून बोलायची. उगवत्या सूर्याचा फोटो आणि खाली ‘काही माणसं हसतात, काही लक्षात ठेवतात’. बँकवाली ते पहिल्या मिनिटाला उघडायची आणि धावत माझ्याकडे यायची.

“वाचलंस? तुला टोमणा आहे.”

“तुला आहे. ‘हसतात’ लिहिलंय.”

“हसलो सगळ्याच ना यार!”

काकूंशी तर ती बोलतच नव्हती. पण काकूंनीच तिला तिरफळ घालून बांगड्याचं कालवण शिकवलं होतं, आणि ते केलं की वाटीभर खाली पाठवल्याशिवाय तिला घास उतरत नसे. नवऱ्याच्या हाती पाठवायची, निरोप काहीही नाही. काकू तोंड वाकडं करून खायच्या आणि वर म्हणायच्या, “मीठ कमी.” पण आपल्यात रिकामं भांडं परत देत नाहीत. काकू त्यात सोलकढी नाहीतर खोबऱ्याची वडी घालून पाठवायच्या. मग तिला पुन्हा काहीतरी पाठवावं लागायचं. भांडण चालू होतं तोवर ती वाटी काही लिफ्टमधून उतरली नाही. दोघींचे नवरे, म्हणजे तिचा आणि माझा, रोज सकाळी आरे कॉलनीत एकत्र फिरायला जायचे. त्यांना या सगळ्यात काहीच अडचण वाटली नाही.

अडचण माझी होती. मला फुगडीला कोणी उरलं नव्हतं. संघातल्या प्रत्येकीबरोबर मी फिरून पाहिलं. शेवटी बँकवाली तयार झाली. पहिल्याच सरावात तिचे पाय जमिनीवरून सुटले.

“मला जोडीदार नको,” ती खांबाला धरून म्हणाली, “मला पॅराशूट दे.”

स्पर्धा पुन्हा बोरिवलीला. पलीकडच्या कॉम्प्लेक्सच्या बायका हिरव्या नऊवारीत आल्या. ती मध्ये. सुपं उलगडली, मोर झाला, आणि खरं सांगायचं तर आमच्यापेक्षा चांगला झाला. सगळ्यांत आधी टाळी वाजली ती आमच्या रांगेतून, काकूंची. आम्ही त्यांच्याकडे पाहिलं तशी त्या खेकसल्या, “काय बघतास? डास होतो!”

आमचं सादरीकरण ठीकठाक झालं. माझी फुगडी मात्र पडली. बँकवाली उडू नये म्हणून मी जपून फिरत होते, आणि जपून फिरलेल्या फुगडीला काही अर्थ नसतो.

परीक्षक गुण जुळवत होते तेव्हा निवेदिकेने सगळ्या संघांना मोकळ्या फुगडीसाठी मंचावर बोलावलं. मी सरळ तिच्यासमोर गेले आणि हात पुढे केले. तिने माझ्या हातांकडे पाहिलं. क्षणभर मला वाटलं, धरते.

“माझा गुडघा दुखतोय, मॅडम.”

आणि मी वळते न वळते तोच तो गुडघा बरा झाला! तिने हिरव्यातल्या एका शेलाट्या मुलीला धरलं आणि गरागरा फिरायला लागली. व्हायचं ते झालं. चार गिरक्यांत ती मुलगी सुटली आणि पेटी वाजवणाऱ्या बाईंच्या मांडीवर जाऊन बसली. पेटीतून असा काही सूर निघाला की सगळं सभागृह हसलं. ती हसली नाही. हात तसेच पुढे धरून उभी होती आणि माझ्याकडे बघत होती. मी बघितल्यावर तिने मान फिरवली.

त्यांचा पहिला नंबर आला. आम्हाला उत्तेजनार्थ.

परतताना टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आम्ही गजरे सोडत होतो. काकूच म्हणाल्या, “तिचो बॅनर लावूक होयो.”

“आपण? आपण का?”

“नायतर कार्यकर्ते परत भाऊंका डकवतले आणि ह्या परत भाऊंच्या मागे!”

एवढं पटण्यासारखं वाक्य मी बऱ्याच दिवसांत ऐकलं नव्हतं. मी गाडीतच यादी करायला घेतली. तिच्या मोराचा फोटो बँकवालीकडे होता. फितूर म्हणत म्हणत तिनेच तो पुढे जाऊन काढला होता. फ्लेक्सच्या दुकानात मी स्वतः गेले. दुकानदाराने सवयीने विचारलं, “भाऊंना कुठे टाकू?”

“भाऊ नकोत.”

“मग शुभेच्छुक?”

“आम्ही सगळ्या. खाली, ओळीत.”

“लहान येतील, मॅडम. गोलात.”

“लहानच टाका. कोणीही तिच्या अंगावर जाता कामा नये.”

जागा मी ठरवली. गेटाजवळ दुचाकींसाठी पत्र्याची शेड आहे, तिच्या मागच्या भिंतीवर. सोसायटीची भिंत, म्हणजे परवानगीचा प्रश्न नाही. वर पत्रा, म्हणजे पावसाची भीती नाही. तिला चहा करताना दिसायला हवा, म्हणून मी माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले आणि खाली स्टुलावर चढलेल्या बँकवालीला हाताने दाखवत गेले, वर, अजून वर, हां, झकास. पूर्ण बॅनर दिसत होता.

पण माझ्या खिडकीतून. एक मजला वरून बघितलं की पत्रा आडवा येतो, हे माझ्या लक्षात आलंच नाही.

सकाळी ती जिन्यानेच खाली आली, लिफ्टची वाटही न बघता. हातात पिशवी, तोंडावर संताप. आम्ही सगळ्या सहज उभ्या असल्यासारख्या पार्किंगमध्ये उभ्या होतो.

“लाज नाही वाटत? उत्तेजनार्थ मिळालं म्हणून बॅनर? आणि तोही माझ्या खिडकीसमोर? सगळ्यांची थोबाडं ओळीने! गेल्या वेळी भाऊ, आता तुम्ही!”

मला आधी कळेनाच. मग मी वर पाहिलं, तिची खिडकी, मग पत्रा, आणि माझा घोळ माझ्या लक्षात आला. वरून तिला बॅनरची फक्त खालची पट्टी दिसली होती. आमचे गोल चेहरे. तिचा चेहरा या वेळी पत्र्यामागे गेला होता.

“कोण हसला तर बघा हां!” काकूंनी दबक्या आवाजात दम भरला.

मी तिला दंडाला धरलं आणि शेडखाली नेलं. “आता बघ.”

ती बघत राहिली. मधोमध ती, सुपाचा पिसारा मागे, बॅनरभर. वर ‘हार्दिक अभिनंदन’. खाली ‘शुभेच्छुक’ आणि आम्ही, लिंबाएवढ्या. बँकवालीने ओठ दातांत धरले होते. कोणीच हसत नव्हतं. मला इतकं अवघड कधी गेलं नव्हतं.

“हा फोटो कोणी निवडला?” ती शेवटी म्हणाली. “हनुवट्या मोजा माझ्या.”

कोणी मोजल्या नाहीत.

ती पुढे वाकून आमची ओळ बघायला लागली. एकेक गोल तपासत माझ्यापर्यंत आली.

“तुझं अर्धं नाक कापलंय.”

“हो. दुकानदाराने गोलात बसवलं.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि तिला हसू फुटलं. मग आमचं सगळ्यांचंच सुटलं. काकू हसता हसता स्कूटरवर बसल्या आणि स्कूटर कलंडता कलंडता राहिली.

“म्हणजे पुढच्या वर्षी परत आमच्यात ना?” बँकवालीने डोळे पुसत विचारलं.

“छट्! जिंकलेला संघ कोणी सोडतं का? मोर तिकडेच नाचणार.” आणि काकूंकडे वळून, “आणि मीठ कमी नव्हतं कालवणात.”

“कमीच होता,” काकू म्हणाल्या.

तिने पिशवी खाली ठेवली. पदर खोचला. हातांची फुली करून माझ्यापुढे धरली. मी धरले. पायाला पाय भिडले, दोघी मागे रेललो, कोपरं ताठ, आणि शेड, बॅनर, काकू, स्कूटर, सगळं गरागरा फिरायला लागलं. बँकवाली आपणहून लांब सरकली.

वर कुकरची शिट्टी झाली.

“तुझा कुकर!” मी ओरडले.

“होऊ दे,” ती म्हणाली. “तू रेल मागे.”