मास्तरांची बदली

ऑफिसात त्यांना सगळे मास्तर म्हणत, पण शाळेचा फळा त्यांनी विद्यार्थी म्हणूनच काय तो पाहिला होता. बसगाड्यांचं वेळापत्रक लावणारा एक जुनाट प्रोग्राम त्यांच्या गळ्यात पडला होता. तो लिहिणारे केव्हाच पांगले. त्यातलं काही समजणारा हा एकच माणूस उरला, म्हणून बायको आणि मुलगी दुसऱ्या गावी आणि मास्तर इथे, असा संसार चालला होता. बदलीचं नाव काढलं की साहेब पाठीवर हात ठेवत. "आधी कोणीतरी तयार करा, मग खुशाल जा."

मास्तर तयार करत. नवी मुलं आल्या आल्या कीबोर्डवर तुटून पडायची. मास्तर कीबोर्डच काढून घेत. "लिहायची घाई नको. आधी वाचा. ही ओळ संपल्यावर या व्हेरिएबलच्या डब्यात काय उरलं, ते तोंडाने सांगा." मुलं वैतागायची, अडखळायची, हळूहळू वाचू लागायची. आणि नीट वाचता आलं, की दुसरीकडे नोकरी धरून भुर्र उडायची. खिडकी न उघडणाऱ्या त्या खोलीत मास्तर पुन्हा पहिल्या ओळीवर.

यंदाच्या नवख्यांत एक बाई होत्या. मुलं मोठी झाल्यावर हे काम शिकायला निघालेल्या. सगळे त्यांना ताई म्हणत. सावकाश वाचायच्या, पण कळल्याशिवाय पुढे सरकायच्या नाहीत. एका दुपारी त्यांनी सुट्टीच्या दिवसांच्या फेऱ्यांचा तो किचकट भाग उलगडून दाखवला: गाडी कुठून सुटते, कोणत्या अटीवर अडते, आगारात परतली हे प्रोग्रामला कसं कळतं. मास्तरांचा जीव भांड्यात पडला. मनातल्या मनात त्यांनी सामानही बांधलं.

ताईंनी दाराकडे पाहून आवाज खाली आणला. "सर, मला जमलंय हे साहेबांना सांगू नका."

"का हो?"

"तुमचं काय झालंय ते रोज बघते ना. घरी माझ्या आईला धरून उठवावं लागतं. मी इथे अडकले, रजाही मिळेना, तर तिचं कोण करणार?"



संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. "काय मास्तर, झालं का कोणी तयार?"

'झालं' हा शब्द अगदी ओठांवर आला. काचेपलीकडे ताई एका मुलीला ओळीवर बोट ठेवून काहीतरी समजावत होत्या.

"एकटं कोणी नाही," मास्तर म्हणाले. "आणि यापुढे एकट्याला तयार करणारही नाही. सगळ्यांना मिळून वाचू द्या. एक गेला तरी बाकीचे असतील."

"बघू की," साहेब हसले. "तोवर तुम्ही आहातच."

जिन्यात थांबून त्यांनी बायकोला फोन लावला. "यंदाही काही खरं दिसत नाही."

ती म्हणाली, "अहो, आवाज तरी नीट काढा. लेक शेजारीच बसलीये."

मास्तरांनी घसा खाकरला. "दे तिच्याकडे," ते म्हणाले.