गुरुवारची मालिका आणि मामंजींचा दहावा

पिंडाला कावळा शिवत नव्हता. शहागडला गोदावरीच्या, आमच्याकडच्या गंगेच्या, काठावर आम्ही सकाळी आठला मामंजींचा दहावा मांडला आणि साडेदहा वाजून गेले तरी भाताचा पिंड जसाच्या तसा. कावळे नव्हते म्हणावं तर समोरच्या बाभळीवर सात-आठ बसलेले. त्यातला एक खाली उतरला, पिंडापासून दोन हातांवर चालत आला, मान वाकडी करून बघितलं आणि परत जाऊन फांदीवर बसला. थोड्या अंतरावर दुसऱ्या कुणाचा तरी दहावा होता. त्यांचा पिंड ठेवायचा अवकाश, कावळ्यांची झुंबड उडाली. ते लोक अंघोळी करून जीपमध्ये बसलेसुद्धा.

कावळा शिवला नाही म्हणजे गेलेल्या माणसाची काहीतरी इच्छा राहिली, आणि सासऱ्याची इच्छा राहिली म्हणजे सुनेनं काहीतरी केलं. हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी बायकांमध्ये खाली मान घालून बसले होते. नणंद माझ्याकडे एकटक बघत होती. आज कावळा शिवला नाही तर जन्मभर माझ्या नावानं काय बोललं जाणार, ते मला तिच्या डोळ्यांत आधीच वाचता येत होतं. सासऱ्याला उपाशी मारणारी.

उपाशी मी त्यांना एक दिवसही ठेवलं नव्हतं. पाच महिन्यांपूर्वी त्यांच्या अंगावरून वारं गेलं आणि उजवी बाजू लुळी पडली. सासूबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेल्या. थोरले दीर नोकरीसाठी जालन्याला. वडीगोद्रीच्या घरात मी, आमचे हे आणि मामंजी, एवढेच. त्यांचं हागणंमुतणं, अंघोळ, घास भरवणं, सगळं मी केलं. हौसेनं केलं असं खोटं बोलणार नाही, पण केलं.

पण काहीतरी राहिलं होतं, हे मात्र खरं होतं. आणि ते काय, हे त्या काठावर माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं.

दर गुरुवारी संध्याकाळी आठ वाजता टीव्हीवर एक भुताची मालिका लागायची. एक मोठी हवेली, तिथली सून विहिरीत पडून मेलेली, आणि ती पांढऱ्या साडीत रोज फिरते. मामंजींचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. गावात कुणाच्या अंगात आलं की हे हटकून बघायला जायचे आणि हसून परत यायचे. पहिल्याच भागात त्यांनी जाहीर करून टाकलं की भूतबीत काही नाही, हवेली लाटायला तो दिवाणजी हे सगळं करतोय. मी दारात डोक्यावर पदर घेऊन बसले होते. सहा वर्षांच्या संसारात मी त्यांच्याशी ‘वाढू का’ यापलीकडे बोलले नव्हते. पण मला राहवेना. दिवाणजी तर परगावी गेलाय, मग पायऱ्यांवर ओली पावलं कुणाची, असं मी विचारून बसले. मामंजींनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. ते म्हणाले, परगावी गेला हे तुला कुणी सांगितलं, त्यानंच ना?

तिथून आमचं भांडण सुरू झालं. ते दिवाणजीच्या मागे लागलेले, मी भुताच्या बाजूची. गुरुवार ते गुरुवार वाद पुरायचा. आजारपणात त्यांची जीभ जड झाली, पण तेवढं थांबलं नाही. मी त्यांची पाठ पुसत असले की मध्येच विचारायचे, बाई, त्या किल्लीचं काय? आणि मी ओला फडका हातात धरून तावातावानं किल्लीचं सांगायची. दुसऱ्या कुणाशी त्या घरात मी इतकं बोलत नव्हते.

शेवटचा भाग ज्या गुरुवारी होता त्याच दिवशी सकाळी नणंद आली. आणि मामंजींनी माझ्यादेखत तिला सांगितलं की ही मला पाणीसुद्धा वेळेवर देत नाही. म्हातारी माणसं लेकीजवळ असंच बोलतात, लेकीची माया थोडी जास्त मिळावी म्हणून. हे मला आज कळतं. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि माझ्या हातांना साबणाच्या पाण्यानं भेगा पडल्या होत्या. नणंदेनं स्वयंपाकघरात येऊन मला नको नको ते ऐकवलं आणि दुपारच्या एसटीनं ती तिच्या गावाला निघून गेली.

माझं डोकं दिवसभर भणभणत राहिलं. मामंजींची बाज मधल्या खोलीत असायची. दर गुरुवारी मी आणि हे मिळून ती ओढत टीव्हीसमोर आणायचो. त्या दिवशी हे शेतावर पाणी द्यायला गेले होते. एकटीला ओढता येत नव्हती असं नाही, दोनदा मी एकटीनं ओढलीही होती. सहा वाजल्यापासून त्यांचं चाललं होतं, वेळ झाली का, वेळ झाली का. आठला पाच कमी असताना मी दारात उभी राहिले आणि सांगितलं की दिल्लीत कुणीतरी मोठं माणूस गेलंय, टीव्हीवर नुसतं रडकं वाजवणं चालू आहे, मालिका पुढच्या गुरुवारी.

त्या काळात तसं व्हायचं, म्हणून ते माझ्या तोंडी आलं. जन्मभर कुणाचं काही पटकन खरं न मानणाऱ्या त्या माणसानं माझं लगेच खरं मानलं. बरं, पुढच्या गुरुवारी बघू, म्हणाले.

मी मधलं दार लोटलं, टीव्ही लावला, आवाज पूर्ण बंद केला आणि एकटीनं शेवटचा भाग बघितला. दिवाणजीला पोलीस पकडून नेतात. सगळे हुश्श करतात. आणि मग रिकाम्या हवेलीत ती पांढऱ्या साडीतली सून येते, थोडा वेळ उभी राहते आणि भिंतीतून आरपार निघून जाते. मी जिंकले होते. पलीकडे मामंजी खोकत होते.

पुढच्या गुरुवारी सांगून टाकू, दोन शिव्या देतील, असं मी मनाशी ठरवलं. शनिवारी त्यांनी विचारलं, गुरुवारला किती दिवस? मी म्हणाले, पाच. रविवारी पहाटे ते गेले.

काठावर आता वचनं देणं सुरू झालं होतं. थोरल्या दिरांनी पिंडापुढं पाणी सोडून सांगितलं की म्हातारा बैल विकणार नाही. कावळे हलले नाहीत. आमचे हे म्हणाले, धाकट्या काकांशी बांधावरून वाद घालणार नाही. काकांनीही तेच म्हटलं. कुणी मारुतीच्या देवळाचं बोललं. वास्तविक देवळाचं मामंजींना आयुष्यात कधी पडलं नव्हतं. ऊन डोक्यावर यायला लागलं. शेवटी गुरुजी म्हणाले की आता दर्भाचा कावळा करून शिववू, शास्त्रात सोय आहे.

नणंद उठून उभी राहिली. “दर्भाचा न्हाई. माझ्या बापाचं काय राह्यलंय ते त्या घरात जी हाय ना, तिला इचारा.”

सगळे माझ्याकडे वळले. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला खरंच पळून जावंसं वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर, क्षणभर असंही वाटलं की गप्प बसावं, गुरुजींनी दर्भाची काडी शिववली की मोकळं. कुणाला कधी कळलं नसतं. पण बाभळीवरचा तो एक कावळा, मघाशी मान वाकडी करून बघून गेलेला, अजून तिथंच होता, आणि तो माझ्याकडे बघतोय असं माझ्या मनानं घेतलं ते घेतलंच.

मी उठले. पिंडासमोर जाऊन ओंजळभर पाणी सोडलं.

“मामंजी, मी तुमच्याशी खोटं बोलले. त्या दिवशी दिल्लीत कुणी गेलं नव्हतं. मालिका लागल्ती. मी आवाज बंद करून एकटीनं बघितली.”

मागं पुरुषांमध्ये कुणीतरी हसायला लागलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं. त्यांना बरं वाटावं म्हणून मी पुढं म्हणाले की तुमचंच खरं निघालं, सगळं दिवाणजीनंच केलं होतं.

एकही कावळा हलला नाही. गंगेच्या काठावर उभी राहून, त्यांच्या पिंडासमोर, मी त्यांना दुसऱ्यांदा फसवत होते. मुद्दाम जिंकवलेलं त्यांना खपलं असतं का?

“न्हाई मामंजी,” मी म्हणाले. “दिवाणजीला पोलिसांनी नेलं, त्याच्या मागून बी ती आली. भिंतीतून गेली. भूतच व्हतं. तुम्ही हरले.”

कावळा सरळ खाली आला, पिंडावर चोच मारली आणि शितं घेऊन गेला. त्याच्या मागोमाग बाकीचे. लोकांनी हात जोडले, गुरुजींनी मोठा श्वास सोडला. मी कावळ्याला अंतर्यामी समजत नाही. ऊन चढलं होतं, त्यालाही भूक लागली असेल. मामंजींनीही हेच सांगितलं असतं.

लोक अंघोळीला पाण्यात उतरले. मी वाळूवर बसून राहिले. नणंद येऊन माझ्याशेजारी बसली. आता ही मला सगळ्यांदेखत झोडपणार, असं मी धरून चालले होते, आणि तिनं झोडपलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

“त्या गुरुवारी घरी जाऊन मी बी बघत व्हते,” ती म्हणाली. “सकाळचं सगळं डोक्यातून गेलं माझ्या. मनात म्हनलं, आता तिकडं दोघं भुतावरून भांडून राह्यले असतील.”

मग ती उठली आणि अंघोळीला गेली. दहा दिवसांत मी पहिल्यांदा रडले.