झुंबरबाईचा शनिवार

शनिवारी झुंबरबाईच्या भाकरी लवकर होत. एरवी आदिनाथ कामावरून येऊन हातपाय धुऊन बसला की मगच ती तवा चढवायची, पोराच्या ताटात वाफेची भाकरी पडावी म्हणून. शनिवारी मात्र दिवेलागणीलाच स्टो थंड व्हायचा, भांडी घासून पालथी पडायची आणि ही बाई टीव्हीसमोर वाकळ अंथरून, पदर सारखा करून बसायची. शेजारच्या गोजरबाईचं म्हणणं, म्हातारीला टीव्हीचं याड लागलंय. याड लागलं होतं हे खरं, पण टीव्हीचं नव्हे.

साल शहाण्णव-सत्त्याण्णवचं. नगरच्या एमआयडीसीला लागून नागापुरात पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती, त्यातल्या शेवटच्या खोलीत ही मायलेकरं राहायची. आदिनाथ तिथल्याच एका वर्कशॉपात लेथवर होता. दिवाळीच्या बोनसवर त्यानं जुना रंगीत टीव्ही आणला, बन्सी केबलवाल्याची तार घेतली, आणि शनिवारी रात्रीच्या जेवणाच्या वेळेला घरात विलायतेतला फुटबॉल सुरू झाला. दोन तास आदिनाथ भिंतीला टेकून बसायचा. त्याचा गुडघा झुंबरबाईच्या गुडघ्याला लागलेला असायचा. बाईचा शनिवार म्हणजे तो गुडघा. बाकी टीव्हीत काय चाललंय याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

आता एवढ्याशा गोष्टीचं एवढं काय, असं कुणी म्हणेल. त्यानं पाथर्डीकडच्या कोरडवाहू गावातल्या बाईच्या पोटी एकदा जन्म घ्यावा. दिवाळी झाली की झुंबरबाई आणि तिचा नवरा आसाराम बैलगाडीत बिऱ्हाड टाकून ऊस तोडायला निघायचे, ते थेट कोपरगावकडच्या कारखान्यावर. परत यायचे उन्हाळा तापल्यावर. पोरगा लहान होता तेव्हा चुलत जावेकडं राहिला, पुढं नगरच्या वसतिगृहात. दरवर्षी निम्मं वर्ष आई, निम्मं वर्ष नाही. वसतिगृहात पोरं पुष्कळ आणि खेळायला फुटबॉल एक. आदिनाथ त्या चेंडूमागं पळत पळत मोठा झाला. पुढं आसाराम काविळीनं गेला, पोरगा आयटीआय होऊन कामाला लागला आणि आईला कोयता टाकून द्यायला लावून इथं घेऊन आला. ती नव्हती तेव्हा तो चेंडू होता, हे झुंबरबाईला पक्कं ठाऊक होतं. त्या चेंडूचे तिच्यावर उपकार होते. तिला त्याचा थोडा हेवाही वाटायचा, का खोटं बोला.

खेळातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. पहिल्यांदा तर तिचा समज असा झाला की ही एकच मॅच आहे आणि मिटता मिटत नाही. मागल्या शनिवारी निकाल लागला नाही म्हणून या शनिवारी सगळे पुन्हा जमले. तिच्या गावात बांधाचं एक भांडण असंच तीन पिढ्या चाललं होतं, त्यामुळं तिला नवल वाटलं नाही. फक्त एवढे हजारो लोक कामधंदा सोडून बघायला येतात म्हणजे जमिनीचा तुकडा मोठा असणार, असं तिनं धरलं. एकदा तिनं आदिनाथला विचारलं की तलाठ्याला बोलावून एकदाची मोजणी का करत न्हाईत. पोरगा हसून हसून आडवा झाला. झुंबरबाई रागावली नाही. लहानपणी त्याला हसवायचं राहून गेलं होतं, त्यातलं थोडं वसूल झालं.

मॅच रंगात आली की तिचे डोळे जड व्हायचे. खोलीतला दिवा आदिनाथ बंद करायचा, आणि टीव्हीतलं ते हिरवं पत्र्यावर, भांड्यांवर, पोराच्या गालावर पसरायचं. काय ते गवत. एवढं गवत आणि त्यात एक शेळी नाही. तिकडं बारीक पाऊस पडत असायचा आणि त्या पावसात माणसं धावत असायची, कुणी आडोशाला जात नसे. बघणाऱ्या लोकांचा आवाज एकसारखा घुमायचा, रात्री साखर कारखाना घुमतो तसा. जन्मभर उसाच्या पाचटाच्या कोपीत, त्या झोपडीत, ती त्या घुमण्यावरच झोपली होती. आताही त्या आवाजानं तिला डुलकी लागायची.

डुलकीत ते मैदान हळूहळू उसाचा फड व्हायचं. चार वर्षांचा आदिनाथ तिच्याबरोबर आलेला असायचा. खरं तर तो कधीच आला नव्हता, पण तिथं असायचा. गाडीच्या सावलीत बसून तो चेंडू खेळवायचा. ती एक मोळी बांधायची आणि वळून बघायची, तर पोरगा तिथंच. दुसरी बांधायची, वळून बघायची, पोरगा तिथंच. वाढ्यांच्या, उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या ढिगावर धुकं उतरायचं, आसाराम बैलांना पाणी दाखवून यायचा, आणि कुणालाच कुठं जायचं नसायचं. मग लोक एकदम ओरडायचे, ती दचकून जागी व्हायची, आणि गुडघ्याला लागलेला गुडघा खरोखरचा असायचा. स्वप्नातून उठावं आणि तेच समोर असावं, हे सुख फार थोड्यांच्या वाट्याला येतं. झुंबरबाईच्या वाट्याला ते दर शनिवारी येत होतं.

पण नव्याचे नऊ दिवस. एके दिवशी बन्सी केबलवाला दारोदार सांगत आला की खेळाचं चॅनेल पुढच्या महिन्यापासून फुकट दिसणार नाही. वरची कंपनी पैसे मागते, वेगळं डबडं बसवावं लागतं. ज्याला पाहिजे त्यानं केबलचे देतो तेवढेच आणखी द्यायचे, त्याच्या घरी निराळी तार येईल. ओळीतल्या लोकांनी त्याला वाटेला लावलं. क्रिकेट दूरदर्शनवर दिसत होतं आणि सिनेमा नेहमीच्या तारेत होता, मग पैसे कशाला? गोजरबाईनं तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणून बन्सीला उभ्या उभ्या सुनावलं. कोपऱ्यावरच्या भिमाजी हवालदारांनी तेवढी तार घेतली. फौजेत ते फुटबॉल खेळलेले, आणि त्यांना पेन्शन होती.

झुंबरबाई तेव्हा दारात शेंगा निवडत होती. तिचा हात थांबला. चॅनेल गेलं की शनिवार गेला, हे तिला लगेच कळलं. पोरगा तरणा, बोलण्यात थोडका. मॅच नसेल तर तो चौकात जाणार, मित्रांत बसणार. शिवाय मुलीच्या बापांचे निरोप यायला लागलेच होते. लग्न झालं की कुणाचा गुडघा आणि कुणाचं काय, तो जगाचा रिवाजच आहे, पण निदान तोवर तरी. पण पोराच्या कमाईतून स्वतःसाठी मागायची तिला सवय नव्हती.

आदिनाथ घरीच होता. त्यानं आईच्या थांबलेल्या हाताकडं पाहिलं. मनाशी हिशेब केला आणि बन्सीला म्हणाला, लाव आमच्याकडं. झुंबरबाईला देव पावल्यासारखं झालं.

त्या शनिवारी तिनं भाकरी आणखीच लवकर टाकल्या. वाकळ झटकून अंथरली. आदिनाथ आला नाही. ओळीतल्या एका पोराकडून निरोप आला की जादा पाळी आहे, आईनं जेवून घ्यावं आणि मॅच बघावी. एखाद्या वेळेला होतं असं, म्हणून ती बसली. पुढच्या शनिवारीही तेच. त्याच्या पुढच्याही. सकाळी तो चहा पिताना विचारायचा, काल कोण जिंकलं? झुंबरबाई सांगायची, लालवाले. लालवाले खेळत होते की नव्हते देव जाणे. पोरगा मान डोलवायचा आणि डोळे चोळत पुन्हा आडवा व्हायचा.

ती मात्र बघत राहिली. पोरानं पैसे भरलेत, ते वाया कसे घालवायचे? पण एकटीला डुलकी येईना. ते हिरवं खोलीत पसरायचं, माणसं पावसात धावायची, लोक घुमायचे, आणि ही ताठ बसून दाराकडं कान लावायची. फड नाही, गाडी नाही, पोरगा नाही. गवत म्हणजे नुसतं गवत.

महिना संपल्यावर बन्सी वसुलीला आला. आदिनाथनं पैसे डब्यात काढून ठेवले होते, ते तिनं दिले आणि बोलता बोलता कारखानदाराला चार शिव्या दिल्या. मेला दर शनिवारी माझ्या पोरालाच कसा राबवतो, असं काहीसं ती म्हणाली. बन्सीला हसू आलं.

"मावशी, कारखानदाराला कशाला बोल लावता? आदिनाथनं सोताहून मागून घेतलीय पाळी. ह्या चॅनेलचं पैसं निघावं म्हणून. मला म्हनला, आईनं जन्मभर ऊसच बघितला, आता तिला आवडतंय ते बघू दे."

करायला गेले गणपती आणि झाला मारुती, तशी गत. झुंबरबाई उंबऱ्यावर बसली. आधी तिला भरून आलं. मग जे मनात आलं ते फार कडू होतं. पोराच्या पोटासाठी ती पोराला सोडून लांब जात राहिली, वर्षानुवर्षं. आता पोरगा आईच्या सुखासाठी आईला सोडून लांब जात होता. माया करायची म्हणजे घर सोडायचं आणि पैसे आणायचे, हे त्याला शिकवलं कुणी? दुसऱ्या कुणी नाही, तिनंच.

तिनं बन्सीला सांगितलं, ती तार काढून ने. बन्सी म्हणाला की आता घेतलेले पैसे परत मिळायचे नाहीत. नको देऊस म्हणाली. तो खांबावर चढेपर्यंत ती खाली उभी राहिली.

आदिनाथला तिनं डोळ्याचं कारण सांगितलं. पाणी येतं, दुखतात, त्या हिरव्या उजेडानं त्रास होतो, नको मला ते. पोरगा नाराज झाला. आधी बोलायचं होतंस, एवढंच म्हणाला. सुपरवायझरला गाठून त्यानं शनिवारची पाळी सोडली.

आणि शनिवार आला. झुंबरबाईनं वाकळ अंथरली. आदिनाथ घरी होता. दोघं जेवली. त्यानं टीव्ही लावला, बटणं फिरवली, गाणी दिसली, बातम्या दिसल्या. बंद केला. उठून पाणी प्यायला. पुन्हा बसला. खिडकीतून बाहेर बघितलं. मग आरशासमोर केसांवरून हात फिरवत म्हणाला की हवालदारकाकांकडं जरा जाऊन येतो, त्यांच्याकडं मॅच असेल.

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. तार काढली की पोरगा घरी बसेल, एवढंच तिनं धरलं होतं. तार कोपऱ्यावर होतीच की. शनिवार तिकडं लागलेला होताच, फक्त ती त्यात नव्हती. आदिनाथनं एक चप्पल घातली, दुसरी पायानं शोधायला लागला. एरवीची झुंबरबाई म्हणाली असती, जा, लवकर ये. तिनं आयुष्यभर तेच म्हटलं होतं.

"आदू," ती म्हणाली, "माझं डोळं दुखत न्हाईत. मला त्या खेळातलं काय बी कळत न्हाई. कधीच कळलं न्हाई. तू शेजारी बसायचास म्हनून मी बसायची."

आदिनाथ तसाच उभा राहिला, एका पायात चप्पल. पोरगा बोलण्यात थोडका, हे सांगितलंच आहे. त्यानं नाकावरून मनगट ओढलं, चप्पल काढली आणि येऊन वाकळेवर मांडी घालून बसला. मग तो घसा खाकरून म्हणाला, "एवढे महिने बघितलंस आणि काहीच कळलं नाही? थांब. सांगतो."

त्यानं भुईमुगाच्या शेंगा घेतल्या, ते आपले गडी. हरभरे घेतले, ते समोरचे. दोन्ही टोकांना एकेक वाटी पालथी घातली. चिंचोक्याचा चेंडू केला. वाकळेच्या जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांवर बावीस जण उभे राहिले. कोण कुठं उभा राहतो, कोण वाटी राखतो, हात कुणी लावायचा आणि कुणी नाही, हे तो सांगत गेला. सांगता सांगता पुढं सरकला. वसतिगृहातल्या मैदानावर कसे खड्डे होते ते मध्येच निघालं, आणि एकदा पाय मुरगळला तेव्हा कुणी शेकून दिला तेही निघालं. ते झुंबरबाईला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं. मग त्यानं एक शेंग पार पुढं नेऊन ठेवली आणि सांगितलं की चेंडू मागून यायच्या आधी असं एकट्यानं पुढं जाऊन उभं राहिलेलं चालत नाही. समोरचे दोघं तरी त्याच्या पुढं असायला लागतात. नाहीतर शिट्टी होते आणि सगळं वाया जातं. पोरं यातच गोंधळतात, तो म्हणाला.

झुंबरबाई गोंधळली नाही. तिला पहिल्या झटक्यात कळलं. एकट्यानं पुढं निघून जायचं नाही, मागच्याची वाट बघायची, एवढंच तर होतं.

आदिनाथनं मान वर करून विचारलं, "कळलं का?"

ती त्याच्या तोंडाकडं बघत होती.

"न्हाई," झुंबरबाई म्हणाली. "परत सांग."